पोराच्या हातात स्कूटरची चावी: दोष एकट्या बापाचा?

खाडीकाठचा: काल इथे कोणीतरी लिहिलं, ‘अठराच्या आतल्या पोराला गाडी देणारे आईबाप खुनी, त्यांना आत टाका.’ रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितो. माझा मुलगा अकरावीला. कॉलेज १४ किलोमीटर. जायची बस सकाळी सहाला, परतीची साडेपाचला. दुपारी एकला सुटलेल्या पोराने तोवर कुठे बसायचं? चावी मीच दिली. चुकलो असेन, पण खुनी नाही.

सड्यावरची: कायदा माहीत आहे ना? मोटार वाहन कायद्यात २०१९पासून कलम १९९अ आहे. पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. वर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडूनच वसूल करते. एका अपघातात आंब्याची बाग विकायला काढाल.

झील मालवणचो: तुमका मुंबैत बसान बोलूक काय जाता? हयसर एसटी नाय, रिक्षावालो दोनशे मागता. पोरांनी शिकायचा कसा?

सड्यावरची: मुंबईत नाही, राजापूर तालुक्यात राहते.

आंबेवाला: मूळ दुखणं बसचंच. आमच्या वाडीची दुपारची फेरी बंद होऊन तीन वर्षं झाली. ग्रामसभेत ठराव केला, अर्ज दिले, उत्तर नाही. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण बसच नाही तर तो पास घेऊन थांब्यावर उभं राहायचं?

कोकणकन्या९: आमच्याकडे फेरी आहे, पण पावसाळ्यात साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, पाणी चढलं की गाडी अलीकडूनच मागे फिरते. पोरी तीन किलोमीटर चालतात. यावर कोणी का लिहीत नाही?

आंबेवाला: सगळ्या वाड्यांनी मिळून आगारात जाऊ. मी येतो.

सड्यावरची: बस, बस, बस! प्रश्न चावीचा होता.

आंबेवाला: बस असती तर चावी लागली नसती. आणि सोळाव्या वर्षी कायदा ५० सीसीची बिनगिअरची गाडी चालवू देतो. ती दुकानात दाखवा मला. घरोघरी ११० सीसी आहे.

सड्यावरची: मग ऐका. माझा भाचा, वय सोळा. जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर तांबड्या मातीचा राडा, वळणावर समोरून चिऱ्यांचा डंपर. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. चावी भावाने दिली होती. बस तेव्हाही नव्हती. भाऊ आजही त्या वळणावरून जात नाही, लांबच्या रस्त्याने बाजार करतो.

झील मालवणचो: ताई, माका म्हायत नव्हता. तरी बस होयीच.

खाडीकाठचा: बरं. चार घरांत मिळून महिन्याची रिक्षा ठरवतो, परवडत नसली तरी. चावी कपाटात ठेवतो. पण ‘खुनी’ हा शब्द मागे घ्या.

सड्यावरची: तो माझा नव्हताच. चावी पावसाआधी ठेवा.