पॉपकॉर्नच्या वासाचा बिंटुरॉंग

स्लॉथ हा झाडावर राहणारा संथ प्राणी आठवड्यातून एकदा फक्त शी करायला खाली उतरतो, असं म्हणतात ना, प्राण्यांच्या अशा गमतीदार सवयींत माझ्या लाडक्या बिंटुरॉंगची भर. आपल्या उदमांजराचा हा थोरला भाऊबंद, ईशान्य भारतातल्या जंगलातला. अंगाला चक्क गरमागरम पॉपकॉर्नचा वास! उकिडवा बसून लघवी करतो, पाय आणि झुबकेदार शेपूट भिजवून घेतो, मग तीच शेपूट फांद्यांवरून ओढत आपली खूण सोडत जातो. २०१६ साली अमेरिकेत ३३ बिंटुरॉंगांच्या लघवीवरचा अभ्यास आला. जवळपास प्रत्येक नमुन्यात २-ॲसिटिल-१-पायरोलिन नावाचं वास देणारं रसायन सापडलं. पॉपकॉर्नमध्ये ते मका तापल्यावर तयार होतं. आणि आंबेमोहोर शिजताना घरभर जो दरवळ सुटतो ना, त्यातही हेच रसायन!