दर रविवारी शिकवायला जातो, पण मुलांना त्याचा उपयोग होतो का?

रेघोटी
नमस्कार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही काही मैत्रिणी एका संस्थेतर्फे रविवारी सकाळी लहान मुलांना वाचायला शिकवतो. दुसरी ते पाचवीची मुलं, सगळी एकाच खोलीत. काही जण गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतात, काहींचं अजून अक्षरांवरच अडतं.

अडचण अशी, की कोणी कुठे जायचं ते शनिवारी रात्री ग्रुपवर कळतं आणि तोच वर्ग पुन्हा मिळेलच असं नाही. मागे एका मुलीनं विचारलं, "ताई, तू नवी की आधीची?" तिला आम्ही सगळ्या एकसारख्याच दिसत असणार. त्यात बराचसा वेळ बॅनर धरून फोटो काढण्यात जातो. शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

बाबांचं म्हणणं, "हौस म्हणून जा, पण समाज बदलतोय वगैरे समजू नकोस." त्यांना उत्तर द्यावं असं माझ्याकडे सध्या काही नाही. सोडून देऊ, की दुसरं काही करू? आठवड्याला तीन-चार तास निघतात, परीक्षेच्या महिन्यात तेही नाहीत. जाणकारांनी सांगावं.

कागदोपत्री
प्रमाणपत्राला एवढी नावं ठेवू नका. मी कागदासाठीच गेलो होतो, अजून जातोय. कोण कशासाठी आलं यापेक्षा दुसऱ्यांदा आलं का, ते बघावं.

जुना खडू
कागदोपत्रींशी सहमत. कारण काहीही असो, दुसऱ्यांदा येणं महत्त्वाचं. आणि रेघोटी, तुमच्याकडे नेमकं तेच होऊ दिलं जात नाहीये.

मी बरीच वर्षं स्वयंसेवकांचं वेळापत्रक लावण्याचं काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी बाबांसाठी उत्तर. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या संस्थेनं गावातल्याच तरुणांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग घ्यायला लावले होते. पगार नाही, बी.एड. नाही. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तपासणी केली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी काहीच वाचता येत नव्हतं आणि जी या वर्गांना आली, ती अक्षरं ओळखण्यात बाकीच्या गावांतल्या तशाच मुलांच्या खूप पुढे गेली. म्हणजे शिकाऊ माणसाच्या हातूनही मूल वाचायला लागतं, हे पडताळून झालंय. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे: गावातली शंभरात आठच्या आसपास मुलंच त्या वर्गांना आली. शिकवणं चांगलं असून मुलं वर्गापर्यंत पोचलीच नाहीत. तुमच्याकडे मुलं स्वतःहून येऊन बसतात, हे केवढं मोठं काम आधीच झालेलं आहे बघा.

आता तुमचं दुखणं. अमेरिकेत एका मुलामागे एक मोठा सोबती देणारा 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' नावाचा कार्यक्रम आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी त्यातल्या जोड्या किती काळ टिकल्या ते तपासलं (२००२). वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांची सोबत फार लवकर तुटली, ती काही बाबतींत आधीपेक्षा मागे गेली. तुमचा वर्ग एकास एक नाही, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका. पण दर रविवारी नवा चेहरा पाठवण्याला मी कामाची वाटणी म्हणणार नाही, ती हजेरीची भरती झाली.

तेव्हा सोडू नका, वर्ग मागून घ्या. तुमच्यातल्या दोघी मिळून एकच वर्ग मागा. दोघींच्या परीक्षा एकाच वेळी येत असतील तर तिसरी वेगळ्या शाखेची घ्या. मुलांना इयत्तेनं बसवू नका, वाचनानं बसवा: अक्षरवाले, शब्दवाले, ओळवाले, गोष्टवाले. चौथीतलं मूल अक्षरांत बसलं तर त्याला गटाचं नाव सांगायची गरज नाही, रंग द्या. आणि एक वही ठेवा. कोणतं मूल कुठपर्यंत आलं, जोडाक्षरात अडलं की काना-वेलांटीत, एवढंच. ती वही वर्गातच राहिली पाहिजे. तुमच्या जागी दुसरी कोणी आली तरी ती "चला, मूळाक्षरं म्हणू या" इथून सुरू करणार नाही. मी पाहिलेले निम्मे वर्ग या एका गोष्टीपायी वर्षानुवर्षं मूळाक्षरांवरच होते, स्वयंसेवक कितीही मनापासून शिकवत असले तरी.

परीक्षेची सुट्टी मुलांना आधी सांगा, परत यायची तारीख फळ्यावर लिहा. मोठी माणसं न सांगता गायब होतात याची या मुलांना आपल्यापेक्षा जास्त सवय असते.

अवांतर: रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत, त्यातली एक निव्वळ शोभेची. बॅनर धरून उभी राहिलेली तुम्ही आणि तुमच्या पुढ्यात बसवलेली मुलं, दोघांची पायरी तीच.

पेन्सिलबॉक्स
खडूदादांचं सगळं मान्य, पण प्रत्येकानं शिकवायलाच का जायचं? मला शिकवता येत नाही. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसते. तारीख, वेळ, जागा ठरलेली. तीन तासांनी पेपर हातावेगळा होतो आणि उपयोग झाला का हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न गुणांसकट पूर्ण वाचायचा, आकृती असेल तर जशी दिसते तशी सांगायची, त्यांनी सांगितलेलंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे कळत असूनही गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. काही परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी लागतं, तेव्हा नाव देण्याआधी नियम विचारून घे. तुझी परीक्षा त्याच दिवशी नाही ना, तेही!

नकाशेबहाद्दर
परीक्षेच्या महिन्यात घराबाहेर पडता येत नसेल तर ओपनस्ट्रीटमॅप बघा, म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा इंटरनेटवरचा मोफत नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा धड तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातल्या लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रस्ते आणि कोसळलेल्या इमारती नोंदवल्या, तोच नकाशा मदत पथकांनी वापरला. रात्री अर्धा तास मिळाला तरी चालतं. नवख्यांची कामं अनुभवी लोक तपासतात. फक्त, खिडकीतून दिसत नसलेल्या गावासाठी काम करतोय हे मनाला पटावं लागतं. मला पटतं, माझ्या भावाला नाही.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. वही आणि रंगांचे गट आवडले. लेखनिकाचंही विचारून ठेवते. एकच शंका: कायमचा वर्ग मागितला तर आमचे समन्वयक म्हणतील, "मग बाकीच्या वर्गांना कोण?" ते वाईट नाहीत, माणसंच कमी आहेत.

जुना खडू
म्हणणारच, मीही म्हणायचो. "आम्हाला हाच वर्ग हवा" म्हणालात तर त्यांना एक अडचण वाढल्यासारखं वाटेल. "पुढच्या परीक्षेपर्यंत या वर्गाची काळजी आमच्याकडे, कोण येणार नाही ते आम्हीच आपसांत बघू, तुम्हाला शनिवारी फोन करावा लागणार नाही" असं म्हणा. शनिवार रात्रीचा एक फोन वाचतोय म्हटल्यावर कुठलाही समन्वयक ऐकतो. फोटोंचा विषय मात्र त्याच दिवशी काढू नका. तो महिनाभरानं, वही दाखवताना.