नाव वेगळं, औषध तेच
पॅरासिटामॉल (ताप-अंगदुखीवरचं औषध) म्हणजे 'साधी गोळी', कितीही घेतली तरी चालते, हे मत मला पटत नाही. आयब्युप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकापेक्षा पोटाला सौम्य, हे मान्य. पण यकृताचं काय? जास्त डोस झाला तर इजा त्यालाच होते.

मागच्या पावसाळ्यात ऐरोलीला सासूबाई अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलची ६५० मिग्रॅची गोळी दिवसातून चारदा घेत होत्या, वर सर्दीची गोळी तीनदा. केमिस्टनं सर्दीच्या गोळ्यांची पट्टी कापून दिलेली, त्यामुळे घटकांची नावं दुसऱ्या तुकड्यावर राहिली (ही कात्री एक डोकेदुखीच आहे). दुकानात जाऊन उरलेला तुकडा वाचला, तर त्यातही पॅरासिटामॉल, ५०० मिग्रॅ. दिवसाचे एकूण ४१०० मिग्रॅ झाले! धडधाकट प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादाच ४००० आहे. वजन कमी असेल किंवा रोज दारू होत असेल तर त्याहूनही कमी. आता मी अख्खी पट्टीच घेते.