पायथनचं अपग्रेड झेपत नसेल तर जेंटू सोडा म्हणे!

कंपायलर_काका: कालच्या धाग्यात एका महाशयांचा सल्ला: "पायथनचं अपग्रेड झेपत नसेल त्याने गुपचूप उबुंटू घ्यावं." वा! जेंटू म्हणजे पॅकेजं आपल्याच मशीनवर सोर्सपासून बिल्ड करायला लावणारं लिनक्स; त्यात १ जून २०२४ पासून पायथनची डिफॉल्ट आवृत्ती ३.११ ची ३.१२ झाली. मी पायथन टार्गेट्स (पॅकेजं कोणत्या पायथनसाठी बिल्ड करायची ती यादी) हाताने लिहिलेले नाहीत, प्रोफाइल (जेंटूच्या तयार सेटिंग्ज) देईल ते घेतो. वर्ल्ड अपडेट (सगळ्या सिस्टिमचं अपडेट) लावलं, तर पोर्टेज या जेंटूच्या पॅकेज मॅनेजरने पानभर कॉन्फ्लिक्ट ओकले. ओव्हरलेमधल्या (जोडलेल्या बाहेरच्या रेपोमधल्या) एका म्हाताऱ्या पॅकेजला ३.१२ चालत नाही, त्याच्यापायी सगळं अडलंय. हा माझा नालायकपणा?

युजफ्लॅग: महाशय मीच. ईसिलेक्ट न्यूजमध्ये (जेंटूच्या अधिकृत सूचनांत) पायऱ्या दिल्या होत्या. आधी ३.११ आणि ३.१२ दोन्ही टार्गेट ठेवा, मग सिंगल टार्गेट (एकाच पायथनवर चालणाऱ्या पॅकेजांचं) ३.१२ करा, शेवटी ३.११ काढून डेपक्लीन (नको झालेली पॅकेजं साफ). आणि डिस्टयुटिल्स हे पॅकेजिंगचं जुनं मॉड्यूल ३.१२ मधून उडवलं पायथनवाल्यांनी. जेंटूवर कसला राग?

कंपायलर_काका: त्या पायऱ्यांत तीच पॅकेजं पुन्हा पुन्हा बिल्ड होतात. वीजबिल तू भरतोस का?

पेठकर: डिसेंबर २०२३ पासून जेंटूच्या अधिकृत बायनरी (आधीच बिल्ड केलेली पॅकेजं) मिळतात की. घ्या आणि गप्प बसा.

युजफ्लॅग: बायनरीच घ्यायच्या तर तयार पॅकेजंच देणारं डेबियन लिनक्स काय वाईट?

पेठकर: आलं सोवळं! लिबरऑफिस घरी शिजवलं म्हणजे पुण्य लागतं का?

लोडशेडिंग: आमच्या गावी क्युटी वेबइंजिनसारख्या अवाढव्य पॅकेजचं बिल्ड संपत आलं की हमखास लाइट जाते, आणि पोर्टेज पुन्हा पहिल्यापासून. पुण्य तुम्हीच घ्या, मला बायनरी द्या.

कंपायलर_काका: पेठकर, स्वतः करून पाहिलंय का? बायनरी डिफॉल्ट टार्गेटच्या असतात. दोन्ही टार्गेट ठेवले की युज फ्लॅग (पॅकेज कसं बिल्ड करायचं त्या सेटिंग्ज) जुळत नाहीत आणि पायथनची पॅकेजं घरीच बिल्ड होतात. म्हणजे त्या पायऱ्यांची सुरक्षित वाट धरली की बायनरी गेल्या!

पेठकर: …हे खरंय. पण बोलायची काय ही पद्धत?

उंटवाला: पायथनचे निदान दोन स्लॉट (आवृत्त्या) शेजारी नांदतात. पर्लचं मोठं अपग्रेड आलं की मॉड्यूल्स नव्याने बिल्ड करा, राहिलेल्यांसाठी पर्ल-क्लीनर चालवा. आम्हा पर्लवाल्यांसाठी कोण रडतं?

कंपायलर_काका: पर्लपेक्षा बरं, एवढं मान्य. युजफ्लॅगसाहेबांच्या चरणी नारळ. आता सांगा, त्या पॅकेजच्या पायथन कॉम्पॅटमध्ये (चालणाऱ्या पायथन आवृत्त्यांच्या यादीत) ३.१२ टाकलं, बिल्ड होतंय, पण चालवलं की मरतंय.

युजफ्लॅग: ग्रेप मारा (कोडमध्ये शब्द शोधा), कुठेतरी डिस्टयुटिल्स इम्पोर्ट केलेलं सापडेल. एररसकट टाका इथे, बघतो. उबुंटूचं मागे घेत नाहीये.