गॉन विथ द विंड: 'तो काळच तसा होता' एवढं म्हणून भागतं का?

सावरी
जुन्या हॉलिवूडमधल्या वर्णद्वेषाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'तो काळच तसा होता.' पण कुणाचा काळ? 'गॉन विथ द विंड' हा चित्रपट १९३९चा, अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या, दक्षिणेतल्या एका गुलाम बाळगणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची गोष्ट. पटकथा तयार होत असतानाच कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने निर्माता सेल्झनिककडे हरकती नोंदवल्या होत्या. काळ्यांना हिणवणारी शिवी आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचं नाव त्यातून गेलं ते अशा दबावामुळेच. चित्रपट लागल्यावर थिएटरांबाहेर निदर्शनंही झाली. ही माणसं काय त्या काळातली नव्हती?

आणि पडद्यावर दिसतं काय? युद्ध संपतं, गुलामी संपते, तरी मॅमी, पोर्क आणि प्रिसी हे गुलाम त्या ओहारा कुटुंबाच्या घरात राबतच राहतात. मॅमीला ('मॅमी' म्हणजे नुसतं दाई) स्वतःचं नावसुद्धा नाही. नवरा नाही, मुलंबाळं नाहीत. गुलाम सुखात होते, मालकावर जीव टाकत होते, ही दक्षिणेतल्या गोऱ्यांची लाडकी कहाणी या चित्रपटाने जगभर नेली.

पिटातला प्रेक्षक
साफ असहमत. तुम्ही मॅमीला पटकथेत शोधताय, मला ती ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलच्या चेहऱ्यावर दिसते. नायक रेटची चिमुकली बॉनी गेल्यानंतरचा जिन्यावरचा प्रसंग पुन्हा बघा. नायिकेच्या नणंदेला, मेलनीला वर नेता नेता ती रडत सांगते, की रेट पोरीला पुरू देत नाही, तिला अंधाराची भीती वाटायची म्हणतो. त्या क्षणी त्या घरातलं सगळ्यात जाणतं माणूस तीच असते. याच भूमिकेने तिला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलंच. ती भूमिकाच लाजिरवाणी ठरवली तर तिच्या कामाचं काय उरलं? मोलकरणीच्या भूमिका का करतेस म्हणून तिला तेव्हाही टोकायचे. खरी मोलकरीण होण्यापेक्षा पडद्यावरची झालेली बरी, असं तिचं उत्तर असे. आणि तिने धुणीभांडी खरोखर केली होती.

सावरी
अभिनयाबद्दल दुमत नाहीच. पण त्याच हॅटीला १५ डिसेंबर १९३९च्या अटलांटातल्या प्रीमियरला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात गोऱ्याकाळ्यांनी एकत्र बसायची सोय नव्हती. २९ फेब्रुवारी १९४०ला ऑस्कर घ्यायला ती लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात गेली, तर तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले, वडील उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. त्यांच्या लेकीच्या वाट्याला मालकावर जीव टाकणारी गुलाम आली! तिला दुसरं काय मिळणार होतं, हाच माझा प्रश्न आहे.

खाडीपलीकडे
यात थोडी भर. पडद्यावर गोऱ्याकाळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला प्रॉडक्शन कोडची, म्हणजे हॉलिवूडने स्वतःला घालून घेतलेल्या नियमावलीची, लेखी बंदी होती. 'द गुड अर्थ'मध्ये (१९३७) गोरा पॉल म्युनी चिनी शेतकरी झाला, मग त्याची बायकोही गोरीच हवी. चिनी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्री ॲना मे वाँगला डावलून भूमिका लुईस रायनरकडे गेली आणि ऑस्करही. आपल्या मुंबईत १९११ साली जन्मलेली हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन आयुष्यभर टास्मानियात जन्मल्याचं सांगत राहिली. १९३५च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन होतं, पण आपल्यात भारतीय रक्त आहे हे ती उघड बोलू शकली नाही. अभिनय सोसणाऱ्याचा, नियम मात्र स्टुडिओचा. म्हणून मला सावरींचं पटतं.

पिटातला प्रेक्षक
अन्याय झाला हे मी कुठे नाकारतोय? माझा राग २०२०च्या प्रकारावर आहे. एचबीओ मॅक्स या ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या सेवेने चित्रपट काढून टाकला, मग अभ्यासिका जॅकलिन स्टुअर्ट यांची प्रस्तावना जोडून परत आणला. प्रेक्षकाला काय वाटावं हे आधीच सांगून ठेवायची गरज काय? आम्हाला डोळे आहेत की.

सावरी
काढून टाकणं मलाही चुकीचंच वाटलं. पण परत आणताना एकही दृश्य कापलं नाही. आणि वेगळं टेबल चित्रपटात कुठेच दिसत नाही, ते कुणीतरी सांगावंच लागतं. जवळजवळ चार तासांच्या चित्रपटाआधी काही मिनिटं तेवढं ऐकून घ्यायला हरकत का असावी?