पीकसल्ल्याचं खासगी अ‍ॅप आधार, गट नंबर अन् फोनमधले सगळे नंबर मागतं. किती द्यायचं?

धुऱ्यावरून (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

कृषी केंद्राच्या काउंटरवर सध्या एका खासगी कंपनीचं अ‍ॅप शेतकऱ्यांच्या फोनात टाकून देतात. बोंडअळीचा सल्ला, हवामान, औषधावर थोडी सूट. भरून घेतात ते असं: मोबाइल नंबर, गट नंबर, क्षेत्र, पीक, गेल्या हंगामाचं उत्पन्न, कर्ज आहे की नाही, आणि आधारचा फोटो. परवानग्यांत लोकेशन, संपर्क, एसएमएस, फोटो-फाइल्स. बहुतेक वेळा फोन काउंटरवरच्या पोराच्या हातात असतो. ‘अनुमती द्या’ तोच दाबतो, ओटीपीही तोच वाचतो.

नक्की काय दिलं तर सल्ला मिळतो आणि काय उगाच जातं? आधारचा फोटो आधीच गेला असेल तर आता काय करायचं? कंपनीकडून माहिती पुसून घेता येते का? सरकारी फार्मर आयडी आणि हे अ‍ॅप एकच, असंही गावात बरेच जण समजून चालले आहेत.

बिनतारी

आधी परवानग्या. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्या अ‍ॅपचं नाव, परवानग्या, या वाटेनं जा आणि एकेक बघा.

लोकेशन: हवामानासाठी गाव कळलं तरी पुरतं. अँड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन असेल तर ‘अचूक’ऐवजी ‘अंदाजे’ निवडा. मग अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा टापू दिसतो, तुमचा धुरा नाही. वावराची हद्द आखायची असेल तेवढ्यापुरतं अचूक लोकेशन ‘फक्त या वेळी’ म्हणून द्या. ‘कायम’ देण्याचं कारणच नाही. रात्री तुम्ही कुठं झोपता याच्याशी बोंडअळीचा संबंध नाही. जुन्या फोनात ‘अंदाजे’ हा पर्याय नसतो, तिथं काम झालं की लोकेशनच बंद ठेवा.

एसएमएस: अजिबात नको. ‘ओटीपी आपोआप भरायला लागतो’ हे कारण खोटं आहे. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये वेगळी सोय आहे. तिच्यातून अ‍ॅपला फक्त त्याच्यासाठी आलेला मेसेज मिळतो, परवानगी न मागता. पूर्ण एसएमएस दिले की बँकेची शिल्लक, पीककर्जाच्या थकबाकीचा मेसेज, जिनिंगवाल्याकडून जमा झालेली रक्कम, सगळं उघडं पडतं.

संपर्क: नाही म्हणजे नाही. ते नंबर दुसऱ्यांचे आहेत, त्यांच्या वतीनं ‘हो’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

कॅमेरा ‘फक्त या वेळी’ द्या, रोगट पानाचा फोटो निघतो. अख्खी गॅलरी लागत नाही.

परवानगी नाकारली आणि अ‍ॅप उघडेचना, तर ते सल्ल्यासाठी आलेलं नाही एवढं कळलं. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर ‘डेटा सुरक्षितता’ असा भाग असतो तो वाचा, पण ती माहिती कंपनीनं स्वतःच भरलेली असते, हे विसरू नका.

आणखी एक. सातबारा लपवण्यात अर्थ नाही. महाभूलेखवर गट नंबर टाकला की तो कुणालाही दिसतो, इतर अधिकारातला बँकेचा बोजासुद्धा. धोका जोडणीत आहे. त्याच सातबाऱ्याला तुमचा चालू मोबाइल नंबर, यंदाचं पीक, उत्पन्न आणि कर्जाची गरज चिकटली, की औषध विकणारा, कर्ज देणारा आणि पडत्या भावात माल उचलणारा, तिघांनाही कुणाला कधी फोन लावायचा ते नेमकं कळतं. म्हणून उत्पन्न आणि कर्जाचे रकाने रिकामे सोडा. सल्ल्याला पीक, पेरणीची तारीख आणि वाण पुरतात.

ठसा_जपून (सेवा केंद्राच्या कामातला)

आधारचा फोटो गेला म्हणून लगेच पैसे जात नाहीत. आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा लागतो. पण तिघांपैकी पहिल्या दोन गोष्टी कुणाला मिळाल्या, तर उरला ठसा. म्हणून ठसा लॉक करा. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये ओटीपीनं आत जाऊन बायोमेट्रिक लॉक करता येतं. मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे. नसेल तर आधार केंद्रात जोडून घ्या, ७५ रुपये पडतात.

तिथंच प्रमाणीकरणाचा इतिहास बघा. मागच्या सहा महिन्यांत ठसा किंवा ओटीपी कुठं वापरला गेला ते तारखेनिशी दिसतं. कापूस वेचून बोटाच्या रेघा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही, मग ‘परत ठेवा, परत ठेवा’ चालतं. त्यातला एखादा चालला आणि शेतकऱ्याला सांगितलंच नाही, असं होऊ शकतं. दर वेळी पावती मागा, फसलेल्या व्यवहाराचीसुद्धा.

यापुढं आधार द्यावंच लागलं तर मास्क केलेलं द्या, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. पीकसल्ल्यासाठी तेही द्यायची गरज नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला आहे.

धुऱ्यावरून

लॉक केल्यावर रेशन अडणार नाही का? म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला ओटीपीचा खेळ जमत नाही.

ठसा_जपून

ज्याचा ठसा लॉक त्याचा यंत्रावर चालणार नाही, खरं आहे. पण कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही ठसा रेशनला चालतो. एकटा राहणारा असेल तर लॉक करू नका. त्याऐवजी बँकेत लेखी अर्ज द्या की माझ्या खात्यावरून आधारनं पैसे काढण्याची सोय बंद करा. बाकीच्यांना गरजेपुरतं लॉक उघडता येतं, साधारण १० मिनिटांनी ते पुन्हा लागतं. जीवन प्रमाणपत्राच्या वेळी हे विसरून लोक परत जातात.

पऱ्हाटीवाला (अकोट)

वॉट्सअ‍ॅपच्या गटाईत पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल (म्हंजे प्ले स्टोअरबाहेरून टाकाचं अ‍ॅप) फिरून रायली, तिचंही सांगून ठेवतो. खरं अ‍ॅप प्ले स्टोअरवर हाय, वॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून येत नाही. हे एपीके एसएमएसची परवानगी मांगते, अन् बँकेचा ओटीपी आपल्या आंधी त्याईलेच दिसते. कोणं दाबलंच असन त पयले नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्या फोनवरून १९३० ले (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा अन् बँकेले सांगून यूपीआय थांबवा. अ‍ॅप निघत नसन त सेटिंगमधी डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्याची टिक काढा, मंग निघते. सिम परत टाकल्यावर ##००२# डायल करा, कॉल कुठं वळवले असन त बंद होतात. अन् फोन पुरा रिसेट केल्याबिगर नवा पिन टाकू नोका बाप्पा.

कलमवाला

पुसून घेण्याबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तेव्हा संमतीची सूचना मराठीतही मिळावी लागेल, दिलेली संमती दिली तितक्याच सहज मागं घेता यावी लागेल. कायद्यात उदाहरणच आहे: आरोग्यसल्ल्याच्या अ‍ॅपनं संपर्कयादी मागितली आणि माणसानं ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ल्याला यादी लागत नाही. पीकसल्ल्यालाही तोच न्याय.

त्यातही खोट आहे. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारजमा. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही नाही. उलट क्षुल्लक किंवा खोटी तक्रार केली तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड.

फार्मर आयडी वेगळा. तो ॲग्रिस्टॅकमधला म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला क्रमांक, एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी लागतो. सरकारला वरच्या डेटा कायद्यात बऱ्याच सवलती आहेत. खासगी अ‍ॅपनं तो क्रमांक मागितला तर देऊ नका.

आज करायचं ते एवढंच: अ‍ॅप नुसतं काढून टाकल्यानं कंपनीकडचं काही पुसलं जात नाही. आधी अ‍ॅपमधूनच खातं हटवा. खातं उघडता येणाऱ्या अ‍ॅपला तशी सोय द्यावीच लागते, हा प्ले स्टोअरचा नियम आहे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल: नोंदणीचा नंबर, तारीख, ‘संमती मागं घेत आहे, आधारचा फोटो आणि गट नंबर पुसावा, कुणाकुणाला दिला ते कळवावं’. मेलची प्रत ठेवा.

धुऱ्यावरून

एक अडचण. कित्येकांची खाती काउंटरवरच्याच एका नंबरवर उघडली आहेत. हटवायचा ओटीपी तिकडंच जाणार.

बिनतारी

मग त्या पोराला समोर बसवूनच करा. त्याच्या नंबरवर आलेल्या ओटीपीनं आत जा, प्रोफाइलमध्ये शेतकऱ्याचा स्वतःचा नंबर टाका, नव्या नंबरवर ओटीपी आल्याची खात्री करा, आणि त्यानंतरच हटवा. नंबर बदलू देत नसेल तर मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा आणि शेतकऱ्याच्या सहीचा अर्ज जोडा. ओळखीसाठी पुन्हा आधारचा फोटो मागतील, तेव्हा मास्क केलेलंच पाठवा.