मांजरीची नसबंदी: आधी किती वेळ उपाशी ठेवायचं आणि नंतर टाके कसे सांभाळायचे?

खिडकीतली_माऊ:
मांजरी सहा महिन्यांची आहे, वजन अडीच किलो, अजून माजावर आलेली नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, "रात्रीपासून खायला देऊ नका." पाणीही बंद करायचं का? पहिल्या रात्री नेमकं काय बघायचं? आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात त्या शंकूसारख्या कॉलरऐवजी अंगात घालायचा सूट चालेल का? घरात नसबंदी झालेला एक बोकाही आहे.

निशिगंध:
पाणी घरातून निघेपर्यंत राहू द्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. खाणं साधारण ६ ते ८ तास आधी बंद करतात. भुलीत गिळण्याची क्रिया मंदावते, अशा वेळी उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून ऑपरेशनची वेळ विचारून घ्या आणि तिथून मागे तास मोजा. दुपारचं ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळपासून उपास घडवण्यात अर्थ नाही. (चार महिन्यांखालच्या पिल्लांना तर फार वेळ उपाशी ठेवतच नाहीत, त्यांची साखर झपाट्याने उतरते.) बोक्याचं ताटलीभर खाणंही उचलून ठेवा, गडबड हमखास तिथेच होते. तरी तिने काही खाल्लंच तर लपवू नका, सरळ सांगा. ऑपरेशन पुढे गेलेलं परवडतं.

शिंका, जुलाब किंवा माजाची लक्षणं दिसली तर आधीच फोन करा. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव वाढू शकतो.

अनुस्वार:
पहिल्या रात्रीबद्दल. अंथरूण जमिनीवरच घाला, खोली बंद, उबदार आणि अंधारी. भुलीनंतर अंगाची ऊब टिकत नाही, पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका; गुंगीतल्या मांजरीला चटका बसला तरी सरकता येत नाही. ती झोकांड्या खाईल, डोळे सताड उघडे ठेवून पडून राहील, त्याने घाबरू नका. सरळ चालायला लागली की नेहमीच्या पाव हिस्सा खाणं द्या. एखादी उलटी चालते. २४ तासांत तोंडच लावलं नाही तर मात्र डॉक्टरांना कळवा.

हिरड्या बघायला शिका. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या, कान थंडगार, पोट फुगत चाललंय, हाक मारली तरी मान उचलत नाही: हा आतला रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

आणि कृपा करून माणसांची वेदनाशामकं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. ते पचवणारी यंत्रणाच तिच्या यकृतात अपुरी असते. डॉक्टरांनी दिलेलं औषध सिरिंजवरच्या खुणेनुसार मोजून द्या. ती खात-पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी त्यांना विचारा.

पाणपोई:
सूट चालतो, पण ओला होऊ द्यायचा नाही आणि शेपटीकडची बाजू लिटरला (शी-शूसाठीच्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाताना मोकळी करायची. कापड चावून फाडणारी मांजरी असेल तर कॉलरच. कॉलरची कड नाकाच्या जरा पुढे यायला हवी. आखूड कॉलरमधून जीभ टाक्यांपर्यंत बरोब्बर पोचते. गळ्याशी दोन बोटं शिरतील इतकी सैल ठेवा. दोन्ही गोष्टी ऑपरेशनच्या आधीच थोडा थोडा वेळ घालून सवय करा. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, थोड्या वेळातही ती टाके उसवू शकते. त्यामुळे "रात्रीपुरती काढली" हे नको. १० ते १४ दिवस, डॉक्टर सांगतील तोवर.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिला बरं वाटतं, ती कपाटावर उडी मारू बघते, आणि पोटाच्या स्नायूंचे आतले टाके अजून कच्चेच असतात. उंच जागा बंद करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली.

पहिल्या दिवशी जखमेचा फोटो काढा आणि रोज दोनदा ताडून बघा. कडा किंचित लाल असणं, हाताला टणक वळ लागणं हे बहुधा टाक्यांमुळेच. मऊ फुगवटा वाढत असेल, पू किंवा वास येत असेल, कडा उघडल्या असतील तर दाखवा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनेल वर्गातली जंतुनाशकं यांतलं काहीही लावू नका. लिटरऐवजी आठवडाभर फाडलेला कागद घाला, धूळ चिकटत नाही.

खिडकीतली_माऊ:
धन्यवाद! बोक्याला लांब ठेवू?

निशिगंध:
पहिली रात्र नक्की. तिला दवाखान्याचा वास येतो, तो फिस्कारेल. मग तिचं अंथरूण त्याला हुंगू द्या, पण दंगामस्ती सुरू झाली की पुन्हा वेगळं करा. नसबंदी झालेला बोकाही कधी कधी पाठीवर चढतो, तेव्हा टाके निघेपर्यंत दोघांना एकटं सोडू नका. आणि नंतर भूक वाढते, गरज मात्र साधारण पाव हिश्श्याने घटते. वाढ चालू आहे तोवर फार कापू नका, दर पंधरा दिवसांनी वजन करून माप ठरवा.